पक्ष्याचा डावा पाय

३ मार्च, सोमवार

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. पत्र तुला आहे, पण वाचताना असं समज की ते आपल्या सगळ्यांनाच आहे. या खडकांनी ज्यांची माणसं नेली आणि कचेरीने ज्यांना 'समुद्रापुढे कुणाचं काय चालतं' एवढं सांगून वाटेला लावलं, अशी या किनाऱ्यावर चौदा घरं आहेत. त्यात एक आपलं. अकरा वर्षांनी का होईना, त्या उत्तराला आपण दगडात कोरून उत्तर देतो आहोत.

तुझं पार्सल मिळालं. दादाच्या तिन्ही वह्या, दुर्बीण आणि वर घडी करून ठेवलेला मफलर, सगळं कोरडं आणि धड पोचलं. गुडघा कसा आहे? दिवसभर उभी राहून लोकांचे डोळे तपासतेस, मालकाकडे एक स्टूल माग. तुला मागवत नसेल तर मी येऊन मागते. मला कसलीच लाज नाही हे तू लग्नाच्या दिवशीच पाहिलंस.

फलक तयार झाला. धक्क्याच्या टोकाशी उभा केलाय, वर कापड बांधलंय. मजकूर आपल्या चौदा घरांच्या समितीने मंजूर केला: 'इथे एक पक्षीनिरीक्षक सव्वा तास मदतीची वाट पाहत राहिला. मदत उशिरा आली. हा उशीर समुद्राचा नव्हता, माणसांचा होता.' शेवटचं वाक्य माझं. अनावरण १६ तारखेला, रविवारी, सकाळी साडेदहाला. भाषण वीस मिनिटांचं. सव्वा तास ती बोट कुठे होती? हा प्रश्न मी इतक्या सभांत विचारलाय की आता मी श्वास घेते तेवढ्यात समोरचे लोकच तो म्हणून टाकतात.

मुद्दे ताजे व्हावेत म्हणून रोज सकाळी खाली खडकांवर जाते. तू कधी तिथे उतरली नाहीस, म्हणून सांगते. दादा ज्या पक्ष्यापायी वेडा झाला होता तो दिसायला अगदीच सामान्य. चिमणीहून जरासा लांबट, रंग वाळलेल्या शेवाळाचा, छातीवर रेघा, पण पुसट, शाई ओली असताना कुणीतरी बोट फिरवल्यासारख्या. नाव खडकतिरचिमणी. वरच्या गवताळ पठारावर तिची बहीण राहते, कुरणतिरचिमणी. लांबून दोघी सारख्याच. दादा म्हणायचा, पाय बघ: कुरणातलीचे फिकट गुलाबी, हिचे काळपट. शेपटीच्या कडेची पिसं बघ: तिची पांढरी, हिची राखाडी. आणि डोळे मिटूनही ओळखता येते, कारण ती दचकली की बारीक आवाजात तीन-चारदा चिरकते, तर ही एकदाच 'पिस्त' करते आणि गप्प होते.

पण हे सगळं पक्षी दिसल्यावर. आपण खडकाकडे बघत असतो, खडकच असतो, आणि मग खडकाचा एक तुकडा मान वळवतो. तेव्हा कळतं की आपण यायच्या आधीपासून तो आपल्याकडे बघतोय.

एक जोडी आपली जागा वर्षभर सोडत नाही. खडकात दोन मोठ्या खाचा आहेत, उत्तरेची आणि दक्षिणेची, आणि दोन्हींत एकेक जोडी होती. दादाने दोन्ही नरांच्या पायांत रंगीत कड्या घातल्या होत्या. डबीत लाल आणि पांढरा असे दोनच रंग उरले होते, म्हणून दक्षिणेच्या नराला डाव्या पायात लाल आणि उजव्यात पांढरी, उत्तरेच्या नराला नेमकं उलट. कड्यांवरून पक्षी कळायचा आणि पक्ष्यावरून जागा.

त्या सकाळी धुकं होतं. दादा खाली दुर्बीण घेऊन, मी वर वाटेवर वही घेऊन, मध्ये फक्त वॉकीटॉकी. त्याने कड्या सांगितल्या, मी लिहिल्या: डावा पांढरा, उजवा लाल. उत्तरेचा नर. म्हणजे दादा उत्तरेच्या खाचेत. मग तो बोलायचा बंद झाला. पुढचं तुला पाठ आहे. मी बोलावलेली बचाव बोट उत्तरेला गेली, तिथे तो नव्हता, दक्षिणेला पोचेपर्यंत भरती भरली होती, आणि तिसऱ्या दिवशी तो दक्षिणेच्या खाचेबाहेर सापडला. प्रवाहाने नेला, दुसरं काय. बचाव बोटीचा कप्तान चौकशीत म्हणाला होता की त्या भरतीला पाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे जातं, उलट कधीच जात नाही. मी उभी राहून विचारलं, 'समुद्र तुमचा ताबेदार आहे का?' सभागृह हसलं. कप्तान खाली बसला.

एक सांगायचं राहिलं. पक्षीमित्र मंडळाचे सचिव म्हणतात, दक्षिणेच्या खाचेत गेली आठ वर्षं एकही खडकतिरचिमणी नाही. आज सकाळी धुक्यात तिथून 'पिस्त' आलं. एकदाच. मी बराच वेळ थांबले. पुन्हा आलं नाही.

शनिवारीच ये. खोलीत दुसरी खाट आहे.

तुझी,
न थकणारी नणंद


८ मार्च, शनिवार

प्रिय वहिनी,

पत्र पोचलं. स्टूल मिळालं हे वाचून बरं वाटलं. तू विचारतेस, 'मला दोन शब्द बोलावे लागतील का? माझी तर आत्तापासून बोबडी वळलीय.' नाही लागणार. बोलायला मी आहे. तू फक्त कापड ओढायचं. दोरी सोपी आहे, मी बघितली.

फोन का करत नाही म्हणतेस. फोनवर मी बोलते आणि तू ऐकतेस. कागदावर निदान मला थांबावं लागतं.

इथे चार दिवस धुकं हललेलं नाही. खोलीची खिडकी खाडकन उघडली तरी समोर काही नाही, जणू बाहेरूनही कुणीतरी पांढरा रंग दिलाय. कपडे वाळत नाहीत. मीठ चमच्याला चिकटतं. आणि तो पक्षी आहे.

भुताखेतांच्या नावाने लोकांना नागवणाऱ्यांविरुद्ध मी किती बोलले आहे हे तुला माहीत आहे. म्हणून जसं घडतंय तसं लिहिते, तिखटमीठ न लावता. मी वाटेवरून खाली उतरते. बारा पावलांवर तो बसलेला असतो. मी पुढे गेले की तो उडतो आणि पुन्हा बारा पावलांवर बसतो. मी थांबले की थांबतो. यात नवल नाही, हे पक्षी असंच करतात, माणसाच्या पुढे पुढे किनाऱ्याने सरकत राहतात. पण मी उत्तरेला वळले की तो पुढे येत नाही. मागे राहतो. आणि मागून 'पिस्त'. मग मी वळते. का वळते ते सांगता येत नाही. चार दिवस मी उत्तरेला म्हणून निघते आणि चारही दिवस दक्षिणेच्या खाचेशी पोचते.

काल तो खाचेच्या कडेवरून सरळ वर चढला, गात, धुक्यात दिसेनासा झाला. मग पंख ताठ धरून खाली आला, अजून गात. पडत नव्हता. कुणीतरी वरून हळूच खाली सोडत असल्यासारखा येत होता. जिथून उठला तिथेच टेकला. त्याच वेळी खाली पाणी आत शिरलं. त्या खाचेच्या तळाशी पोकळी आहे, भरती चढू लागली की तिथे पाणी घुमतं. रिकाम्या टाकीवर कुणीतरी मूठ आपटावी तसा आवाज. या किनाऱ्यावर असा आवाज दुसरीकडे कुठेच येत नाही. मी लगेच वर परतले. चढउतार झेपत नाही आता, वय झालं.

आता खरी गोष्ट. त्याच्या पायांत कड्या आहेत.

सचिवांना फोन केला. ते म्हणाले, 'तुमच्या दादांनंतर इथे कुणी कड्या घातल्याच नाहीत, ताई.'

'मग जुनाच असेल.'

'त्यांनी घातल्या तेव्हा तो पुरता वाढलेला नर होता. म्हणजे आता बारा-तेरा वर्षांचा. इतकासा जीव पाच वर्षं जगला तरी खूप. नऊ-दहा म्हणजे डोक्यावरून पाणी. धुक्यात ओलं शेवाळ लालसर दिसतं, बघा.'

मी शेवाळ बघितलेलं नाही. मी कड्या बघितल्या आणि वहीत लिहिल्या: डावा पांढरा, उजवा लाल. म्हणजे उत्तरेचा नर, वहिनी, दक्षिणेच्या खाचेत. पक्षीसुद्धा उत्तरेकडून दक्षिणेला आला. जे समुद्राने दादाचं केलं तेच. मी हे भाषणात घालणार आहे. लोक उभे राहतील.

त्याचं तोंड कुणीकडे होतं वगैरे बारकावे भाषणात लागत नाहीत.

तुझी,
नणंद


१२ मार्च, बुधवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवते आहे. शनिवारी गाडीत बसण्याआधी ते तुझ्या हातात पडायला हवं.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. आधी ते पुसते, मग पुढचं. पक्षी माझ्याकडे तोंड करून बसला होता. माझ्या डाव्या हाताला पांढरी कडी दिसत होती, उजव्या हाताला लाल. पण समोरून बघणाऱ्याचा डावा तो पक्ष्याचा उजवा. म्हणजे त्याच्या डाव्या पायात लाल होती आणि उजव्यात पांढरी. तो दक्षिणेचाच नर होता, आपल्या जागी. मला हे तिथेच कळलं होतं. तरी मी उलटं लिहिलं, कारण उलटं मला सोयीचं होतं.

सोमवारी मी कप्तानाकडे गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. चौकशीनंतर त्याला बोटीवरून उतरवलं तेव्हापासून तो धक्क्यावरच्या शेडमध्ये असतो, लोकांच्या होड्या पालथ्या घालून जुना रंग खरवडतो. स्वतः एकाही होडीत पाय ठेवत नाही, म्हणतात. हात कोपरापर्यंत निळे झाले होते.

'या,' तो म्हणाला. 'खुर्ची नाही. डब्यावर बसा, वाळलाय. भाषण पाठ झालं का?'

'चेष्टा करताय.'

'छे हो. मागचं मी मागच्या रांगेत उभं राहून ऐकलं. मला समुद्राचा हिशेबनीस म्हणालात, ते छान होतं. मीच हसलो.'

मी त्याला पक्ष्याचं सांगितलं. सगळं. बारा पावलं, खाच, कड्या. मला वाटलं तो हसेल किंवा घाबरेल. त्याने खरवडणं थांबवलं नाही.

'इतकी वर्षं जगणारा तो पक्षी नव्हे, ताई.'

'मग मी काय पाहिलं?'

'ते मला कसं ठाऊक? पाहिलं तुम्ही.' त्याने पातं फडक्याला पुसलं. 'तोंड कुणीकडे होतं त्याचं?'

वहिनी, हा प्रश्न मी पूर्वी एकदा ऐकला होता. त्याच्याच तोंडून. तो कुठे ते सांगण्याआधी त्या सकाळचं सांगावं लागेल. तू ते कधीच पूर्ण ऐकलेलं नाहीस, कारण मी ते कधीच पूर्ण बोलले नाही.

त्याच्या आदल्या महिन्यात दादाने मला झापलं होतं. पक्षी समोर तोंड करून होता आणि मी जसं दिसलं तसं लिहून टाकलं होतं. 'पक्ष्याचा डावा लिहायचा, तुझा नाही. तोंड समोर असेल तर उलट. भाषणात तर डावे-उजवे बरोबर कळतात तुला.' मला ते लागलं. मी मनाशी ठरवलं, पुन्हा चूक नाही. आणि त्या सकाळी धुक्यातून त्याचा आवाज आला: 'माझ्याकडे तोंड आहे. डावा लाल, उजवा पांढरा.' त्याने उलटवूनच सांगितलं होतं. तो पक्ष्याचाच डावा सांगत होता, नेहमीसारखा. मी 'तोंड आहे' एवढं ऐकलं, हुशारी केली आणि पुन्हा उलटवलं.

तुला हे माझ्याहून लवकर कळेल. तुझ्या तपासणीच्या खोलीत जागा कमी म्हणून अक्षरांचा तक्ता माणसाच्या पाठीमागे टांगलाय आणि तो समोरच्या आरशात वाचायला लावतेस. तक्ता मुळात उलटा छापलेला, म्हणून आरशात सुलटा दिसतो. दादाने मला सुलटं दिलं होतं. मी ते आरशासमोर धरलं.

चूक इथवर असती तर मी ती तुला त्याच आठवड्यात सांगितली असती. पण पुढे आहे. कड्या सांगून झाल्यावर रेडिओ चालूच राहिला. आधी काहीतरी घसरल्याचा आवाज. मग त्याचा श्वास. आणि त्या श्वासामागे पाणी घुमत होतं, रिकाम्या टाकीवर मूठ आपटावी तसं. मग काही नाही. बोट आली तेव्हा कप्तान म्हणाला, 'घुमारा दक्षिणेकडून येतोय, भरती तिकडे आधी चढते. मी दक्षिणेला वळवतो.' मी वही त्याच्या तोंडासमोर नाचवली. 'हे लेखी आहे,' म्हटलं. 'तुमच्या कानांवर माझा भाऊ सोडू?' त्याने माझ्याकडे बघितलं आणि बोट उत्तरेला नेली. सव्वा तास ती बोट कुठे होती असं मी साऱ्या किनाऱ्याला विचारत फिरले. मी पाठवली तिथे होती.

हे मला चौकशीच्या आदल्या दिवशी कळलं. वही उघडून बसले होते आणि दादाचा आवाज आठवला, शब्दन्‌शब्द. दुसऱ्या दिवशी भर सभेत कप्तान उठला. त्याने आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, 'पक्ष्याचं तोंड तुमच्या भावाकडे होतं का? त्यांनी तसं काही सांगितलं का?' दादाबरोबर तोही कधीतरी खडकांवर बसलेला, त्याला पद्धत ठाऊक होती. मी म्हणाले, 'आठवत नाही.' आणि त्याने दुसरा प्रश्न विचारण्याआधी मी बोलायला सुरुवात केली. किती बोलले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण ते, आजही लोक त्यातली वाक्यं मला म्हणून दाखवतात. तो प्रश्न टाळ्यांखाली गाडला गेला. मला आठवत होतं, वहिनी.

सोमवारी मी कप्तानाला विचारलं, 'तुम्हाला कळलं होतं?'

'तेव्हाच.'

'मग बोलला का नाहीत?'

'बोललो की. विचारलं. तुम्ही टाळ्या घेतल्यात.'

'नंतर तरी.'

'नंतर कोण ऐकणार होतं? आणि तुमच्या वहिनी तिथे पहिल्या रांगेत बसलेल्या, पदराने तोंड झाकून. म्हटलं, त्यांच्यासमोर नको.' मग त्याने होडीची दुसरी बाजू खरवडायला घेतली. मी उठले तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, 'फलकावर माझं नाव घातलं नाहीत, तेवढं बरं केलंत. नात आहे मला. तिला वाचता यायला लागलंय.'

त्याने मला क्षमा केली असं समजू नकोस. केलेली नाही. मी मागितलीही नाही, तोंडच उघडेना. माझं.

काल सकाळी धुकं उठलं. स्वच्छ ऊन. मी खाली गेले. दक्षिणेच्या खाचेत एक पक्षी होता, नर, कडेवर बसून गात होता. मी दुर्बीण लावली आणि आधी पाय बघितले. दोन्ही पाय काळपट, मोकळे. कडी नाही, कडीचा वळही नाही. तो माझ्या पुढे आला नाही, मागेही आला नाही. त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मग धुक्याच्या त्या दिवसांत माझ्यापुढे कोण चालत होतं ते मला माहीत नाही. मी आयुष्यभर अशा गोष्टींची कारणं व्यासपीठावरून पटापट सांगत आले. या एकीचं नाही सांगत.

समितीला मी अजून काही कळवलेलं नाही. कळवलं तर ते म्हणतील, ताई, कार्यक्रम पुढे ढकलू, जरा शांत व्हा, मजकुरात एखादा शब्द बदलू. मी त्यांना ओळखते, त्यांना असं बोलायला मीच शिकवलंय. आणि मी स्वतः माईक हातात घेतला तर काय होईल तेही मला ठाऊक आहे. दोन वाक्यांत आवाज चढेल, तिसऱ्यात गळा दाटेल, कबुलीचंही भाषण होईल आणि समोरचे लोक त्यालाही टाळ्या वाजवतील. कप्तान पुन्हा मागच्या रांगेतच राहील.

माफ कर असं लिहीत नाही. ते तुझं तू ठरव, हवं तेव्हा, किंवा नको. अकरा वर्षं तू माझ्या पाठीशी उभी राहिलीस. दर सभेला लोकांकडे न बघता माझ्याकडे बघत बसलीस, की हिला तरी माहीत आहे तो कसा गेला. मला माहीत होतं.

म्हणून हे. तुला म्हटलं होतं की तू फक्त कापड ओढायचं. ओढू नकोस. रविवारी साडेदहाला नाव पुकारलं की दोरीकडे नाही, माईककडे जा. कप्तानाला मी पुढच्या रांगेत बसवून ठेवीन, तो येतो म्हणालाय. हे पत्र उघड आणि 'मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं' तिथून शेवटपर्यंत वाच. बोबडी वळली तर वळू दे. मी तुझ्या शेजारी उभी असेन आणि एक शब्द बोलणार नाही.

त्या सकाळी वही जिच्या हातात होती,
ती